मधला जागचा हलत नाही

१० जून

ती. ताई,

परवा सकाळी मी तापलेली नळी बादलीत टाकायला विसरलो. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं, आणि त्याला कारण तुझं पत्र आहे.

आमचं काम असं असतं. क्वार्ट्झच्या नळीत टॅन्टलम नावाच्या धातूची भुकटी आणि गंधक भरायचं, हवा काढून घ्यायची आणि तोंड वितळवून बंद करायचं. मग नळी भट्टीत ठेवायची. भट्टीची एक बाजू थोडी जास्त गरम, दुसरी थोडी कमी. आत चिमूटभर आयोडीन असतं, त्याच्या वाफेवर बसून माल गरम बाजूकडून कमी गरम बाजूकडे जातो आणि तिथे पातळ पत्र्यासारखे स्फटिक धरतात. दोन आठवड्यांनी लांब चिमट्याने नळी बाहेर ओढायची आणि लाल असतानाच पाण्याच्या बादलीत सोडायची. चर्र आवाज होतो, आणि आतले स्फटिक सोनेरी निघतात. तेच भट्टीत हळूहळू निवू दिले तर राखाडी होतात. धातू तोच, गंधक तेच. आत कोण कुणाच्या डोक्यावर कसं बसलंय, एवढंच बदलतं. आपल्या शाळेत गुरुजी खेळ घ्यायचे, आठवतं? चारही वर्ग एका खोलीत, पोरं वाटेल तशी धावतायत, आणि ते एकदम ओरडायचे, "जसे आहात तसे!" बादली म्हणजे आमचे गुरुजी. ती ओरडली नाही तर पोरं मुकाट आपापल्या बस्करावर जाऊन बसणार.

तर परवा देवापुढे हात जोडून मी नेहमीसारखा लवकर गेलो. एका हातात चिमटा घेतला, दुसऱ्या हाताने खिशातलं तुझं पत्र पुन्हा काढलं. चार पानं इकडचं तिकडचं, आणि शेवटी एक ओळ : "आईचं काय करायचं ते आता तूच ठरव, आणि सप्टेंबर संपायच्या आत ठरव." ती ओळ वाचत मी उभा राहिलो, सवयीने भट्टीचं बटण बंद केलं आणि चहाला निघून गेलो. कॅन्टीनवाला म्हणाला, "साहेब, आज बिस्किट याने उचलणार?" तेव्हा कळलं, चिमटा हातातच आहे आणि नळी भट्टीतच.

ताई, तू दमली असणार. बाबा गेल्यापासून आईचं सगळं तूच बघतेस. तुझे गुडघे दुखतात हे तू लिहीत नाहीस, पण ओळीओळीत मला ते ऐकू येतं. मी ठरवलं आहे, आईला इकडे आणतो. संस्थेचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट आहे. पुढची खोली तिला देतो. तू तिची समजूत घाल.

तुझा धाकटा


१८ जून

चि. दगड्या,

लहानपणी खिसे भरून दगड आणायचास म्हणून हे नाव पडलं, आणि सरकार तुला अजून त्याचाच पगार देतंय. म्हणून नाव बदलायचं कारण दिसत नाही.

माझे गुडघे ठणठणीत आहेत. तुझे कान तपासून घे. ओळीओळीत गुडघे ऐकू येणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

बाकी बेत चांगला आहे. आईला मी सांगितलं. ऐकून ती अर्धा तास खिडकीत बसून इस्त्रीवाल्याशी बोलत होती. तो दुकानाबाहेर टेबल मांडतो आणि इस्त्री कपड्यावर कमी, आईच्या गप्पांवर जास्त फिरवतो. मग वळून म्हणाली, "येईन म्हणावं." मी विचारलं, "मनापासून?" तर म्हणते, "मन काय पिशवीत घालून वेगळं न्यायचंय?" आता यातून काय समजायचं ते तू समज.

तिचं एक म्हणणं आहे. तू नक्की काय करतोस ते तिला अजून कळलेलं नाही. गल्लीत तिने सांगून ठेवलंय की तू सोनं बनवतोस, पण जरा कमी प्रतीचं. मागे तू त्या 'लाटां'बद्दल लिहिलं होतंस, तेही मला वाचून दाखवता आलं नाही. फोनवर तू 'हो', 'बरं' आणि 'ठेवतो' याच्यापुढे जात नाहीस, म्हणून पत्रातच नीट लिही. तिच्या डोक्यात शिरेल असं लिही. म्हणजे माझ्याही शिरेल.

खाली ती सांगते ते लिहिते आहे : "खिडकी कुठल्या अंगाला आहे ते कळव. आणि खालून लोक जातात का."

तुझी ताई


२ जुलै

ती. ताई,

हे आईला वाचून दाखव.

आई, असं समज की एक मोठं पटांगण आहे आणि त्यावर माणसं सारख्या अंतरावर उभी आहेत. हे धातूचे अणू. त्यांच्या वर एक आणि खाली एक अशी गंधकाची रांग. हा झाला एक थर. असे थरावर थर, पुस्तकाच्या पानांसारखे. पान पानाला जेमतेम धरून असतं, म्हणून नुसती चिकटपट्टी लावून ओढली तरी थर सुटून येतो. आता या थरातून इलेक्ट्रॉन हिंडत असतात. फार हलके, एका जागी न ठरणारे. गरम असताना ते सगळीकडे सारखे पसरलेले असतात. थंडी वाढत गेली की काही ठिकाणी दाटतात, मग विरळ, पुन्हा दाट, पुन्हा विरळ. तळ्यावर लाट उठते तसं. पण ही लाट पुढे जात नाही, जिथल्या तिथे थिजून राहते. हीच ती माझी लाट.

आणि इलेक्ट्रॉन दाटले की अणूंनाही स्वस्थ राहवत नाही. आमच्या सोनेरी स्फटिकात बारा अणू एका मधल्या अणूकडे सरकतात. तेरा जणांची एक चांदणी होते. तिला लागून दुसरी, तिला लागून तिसरी, असा सगळा थर चांदण्यांनी भरून जातो. सरकतात ते फार नाही. दोघांतलं अंतर एक हात धरलं तर दीड-दोन बोटं. पण तेवढ्याने स्फटिकाचा स्वभाव बदलतो. वीज सहज जाऊ देणारा पदार्थ ती अडवायला लागतो, कारण हिंडणारे सगळे घरी बसलेले असतात.

हे असं का होतं ते मी बरंचसं सांगू शकतो. पण तो पहिला क्षण, जेव्हा कुणीतरी आधी सरकतो आणि बाकीच्यांना ते कळतं, तो माझ्या हाती कधी लागला नाही. तिथे मी मनात नमस्कार करतो.

ताई, ती बिघडलेली नळी वाया गेली नाही. आमच्याकडे एक बाई आहेत, त्या स्फटिक अतिथंड करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. स्वतःही बारा महिने स्वेटरमध्ये, म्हणून सगळे त्यांना थंडीवाली म्हणतात. त्या माझ्या राखाडी तुकड्यांतले काही घेऊन गेल्या आणि धावत परत आल्या. "सर, हे नुसते राखाडी नाहीत! एक थर सोनेरी स्वभावाचा, त्यावर एक राखाडी स्वभावाचा, पुन्हा सोनेरी. एकाआड एक. तुम्ही केलंत काय?" मी म्हणालो, "चहा प्यायला गेलो." त्या म्हणाल्या, "मग पुन्हा जा."

खिडकी मागच्या अंगाला आहे. समोर पाण्याची टाकी. अगदी शांत. आईला आराम वाटेल. हात टेकायला दांडे असलेली खुर्चीही आणली आहे.

तुझा धाकटा


१४ ऑगस्ट

ती. ताई,

आई येऊन तीन आठवडे झाले. तक्रार काही नाही, आणि मला तीच काळजी आहे.

तू तिला ओळखतेस. भाजीत मीठ बरोबर असलं तरी 'आज बरोबर पडलं वाटतं' म्हणणारी ती. इथे सगळं 'छान आहे'. घर छान, खुर्ची छान, मी केलेली आमटीसुद्धा छान. मी स्वतः ती अर्धी टाकून दिली. सकाळी मी निघताना ती खिडकीत बसलेली असते, संध्याकाळी परतलो की तिथेच. एकदा विचारलं, दिवसभर काय पाहिलंस? म्हणाली, "टाकी. दुपारी एक कावळा आला होता. चांगला होता बिचारा." लिफ्टमध्ये ती डोळे मिटून देवाचं नाव घेते. वर पोचल्यावर न दिसणाऱ्या लिफ्टवाल्याला 'सुखरूप आणलंस रे' म्हणायची, पण ही लिफ्ट माणसाशिवाय चालते हे कळल्यावर तेही बंद झालं.

मग काल तिला प्रयोगशाळेत नेलं. भट्टीला तिने लांबूनच हात जोडले. बादली पाहून म्हणाली, "एवढ्या शिक्षणाला ही बादली?" चिकटपट्टीने थर सोडवायला दिला तर अगदी रमली. पाच-सहा थर सोलले आणि म्हणाली, "हे तर कांद्यासारखं आहे. रडू तेवढं येत नाही."

थंडीवालींनी तिला आपल्या खोलीत नेलं. त्यांचं यंत्र म्हणजे एक फार अणकुचीदार सुई, स्फटिकाला न टेकता त्याच्यावरून फिरते, आणि इलेक्ट्रॉन कुठे दाट, कुठे विरळ, त्याचं चित्र पडद्यावर उमटतं. ठिपकेच ठिपके. त्यांनी ठिपक्यांवर रेषा ओढून चांदणी दाखवली. आईने चष्मा वर-खाली केला.

"हे बारा सरकले होय?"

"हो, आजी."

"आणि हा मधला?"

"तो जागचा हलत नाही."

"का? मानकरी आहे?"

थंडीवाली हसल्या. मी म्हणालो, "आई, त्याला बाराही बाजूंनी सारखीच ओढ असते. जाणार कुठे?"

आईने पडद्यावरच्या मधल्या ठिपक्याला बोट लावलं. मग विचारलं, "आणि त्याला उचलून दुसरीकडे ठेवला तर?"

थंडीवाली म्हणाल्या, "एकट्याला उचलता येत नाही. पण सुईने विजेचा झटका देता येतो. मग त्या भागातल्या चांदण्यांची घडी विस्कटते. नंतर त्या आपापसांत पुन्हा जुळतात, पण मध्ये भिंती राहतात. या बघा." दुसऱ्या चित्रात भिंती होत्या, वेड्यावाकड्या.

आई 'बरं' म्हणाली. घरी येताना लिफ्टमध्ये तिने डोळे उघडे ठेवले होते. म्हटलं, भीती गेली वाटतं. तर मला म्हणाली, "तू काही मनाला लावून घेऊ नकोस. मी राहते इथे. तुझ्या ताईला एकदा नवऱ्याकडे जाऊ दे."

ताई, हे काय आहे? भाऊजींबद्दल तू मला एक शब्द लिहिलेला नाहीस. तुझे गुडघे नव्हेत, हे आता कळलं. मग काय?

धाकटा


२३ ऑगस्ट

चि. दगड्या,

आईच्या पोटात काही राहत नाही. इथे मला बजावून गेली होती, 'त्याला सांगू नकोस, ओझं वाटेल.' आणि तिकडे स्वतःच सांगून मोकळी.

सांगते. तुझ्या भाऊजींची बदली झाली आहे. लांब डोंगरात एक मोठं तळं आहे, तिथे पाण्याची पातळी मोजायची. दोन वर्षं. एक घर, समोर पाणी, मागे झाडं. ते मेपासूनच तिथे आहेत. मी फोनवर सांगितलं होतं, 'दौऱ्यावर आहेत.' खोटं नाही, दौरा जरा लांबलाय एवढंच. ऑक्टोबरपासून तिथे थंडी पडते आणि वाट कठीण होते, म्हणून सप्टेंबर. ते पत्रात काही मागत नाहीत. गेल्या खेपेला फक्त लिहिलं, 'आज भात करपला नाही, कच्चा राहिला. प्रगती आहे.' मला हसू आलं आणि मग आलं नाही.

लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठे राहिलो नाही रे. आधी सासर, मग पोरीचं शिक्षण, मग आई. पण हे तुला लिहिलं असतं तर तू काही न बघता 'मी आणतो आईला' म्हणाला असतास. न लिहिताही तू तेच केलंस, ते सोड.

आता इकडचं ऐक. आई गेल्यापासून गल्लीचं तंत्र बिघडलंय. इस्त्रीवाल्याने शेजारच्या मास्तरांचा सदरा जाळला. का, तर 'आजी खिडकीत नसल्या की कुठे बघायचं कळत नाही.' वरच्या मजल्यावरची नर्स आणि समोरची शिंपीण बोलत नाहीत. त्या आधीही बोलत नव्हत्या, पण दोघीही आईशी बोलायच्या आणि आई एकीचं दुसरीला जरा साखर लावून सांगायची. आता साखर संपली. निवृत्त पोस्टमन रोज सकाळी बंद खिडकीपुढे थांबतो. 'काही टपाल?' असं आई त्याला विचारायची आणि तो 'आज नाही' म्हणायचा. नोकरी संपून कैक वर्षं झाली तरी दोघांचं हे चालूच. परवा मला म्हणाला, "बाई, आता मला कुणी विचारतच नाही." सायकलवाला, फुलवाली, शाळेतल्या त्या दोन पोरी. सगळे येतात, खिडकी बघतात आणि माझ्याकडे असं बघतात की जणू मी गल्लीतलं घड्याळ विकून खाल्लं.

तुझी ती चांदणी मी त्यांना वाचून दाखवली. शिंपीण म्हणाली, "म्हणजे आपण बारा." मोजायला लागलो तर अकराच भरले. मग इस्त्रीवाला म्हणाला, "मला दोनदा धरा, मी दिवसभर असतो."

मी ठरवलंय. पुढच्या महिन्यात येऊन आईला परत आणते. तळं काही आटत नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझी ताई


१९ सप्टेंबर

दगड्या,

महिना होत आला, उत्तर नाही. फोन उचलतोस आणि 'लिहितो' म्हणतोस. तिकीट काढू का? आई ठीक आहे ना? तू ठीक आहेस ना?

ताई


२६ सप्टेंबर

ती. ताई,

तिकीट काढू नकोस. निदान इकडचं काढू नकोस. तळ्याचं काढ.

उत्तराला उशीर झाला, कारण मला माझंच उत्तर सापडत नव्हतं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी एक गोष्ट मनात आली होती. पण मनात येणं आणि तोंडाने बोलणं यांत माझे कितीतरी दिवस जातात, हे तुला ठाऊक आहे.

मी उलट बाजूने विचार करत होतो. आईला हलवायचं कुठे, इकडे की तिकडे, एवढाच प्रश्न मी मांडला होता. स्फटिक तर मीच वाढवले, चांदणी मीच समजावली, आणि तरी मधल्यालाच उचलायला निघालो. सरकायचं बाकीच्यांनी असतं.

पण लिहायला सोपं आहे. इथे माझी भट्टी आहे. संचालकांनी जानेवारीपासून विभागप्रमुख व्हा म्हणून सांगितलं होतं. ते मी तुला कळवलं नाही, तूही दौरा लांबवलास, फिट्टंफाट झाली. मला ते पद हवं होतं का? हो. खोटं कशाला बोलू. एका खोलीतल्या शाळेतून निघालेल्या माणसाला दारावरची पाटी आवडते. रोज सकाळी हात जोडताना मी मागत काही नाही, पण या दिवसांत 'जरा सांग ना' असं म्हणत होतो. उत्तर आलं नाही. टाकीवर कावळा येऊन बसला, तेवढंच.

मग सोमवारी संचालकांकडे गेलो. आपल्या गावातल्या कॉलेजच्या प्राचार्यांशी आधी बोललो होतो. त्यांच्याकडे प्रयोगशाळेमागे मोडकी बाकं ठेवलेली एक खोली आहे, विजेची जोडणी चांगली आहे, आणि शिकवायला माणूस हवाच आहे.

"भट्टी हलवायची?" संचालक म्हणाले. "अहो, लोक भट्टीसाठी घर हलवतात."

"मी घरासाठी भट्टी हलवतोय."

"आणि स्फटिक कोण देणार आम्हाला?"

"मीच. आपण समुद्रापलीकडच्या लोकांना पाठवतो, ते काय भट्टीसकट पाठवतो? पाकिटात घालतो आणि तिकीट लावतो. तुम्हालाही लावीन."

"आणि प्रमुख?"

मी मान वळवली. दारात थंडीवाली उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, माझी काही हरकत नाही. मला यांची काय गरज? यांचे तुकडे वेळेवर आले की झालं." मग वळून स्वेटरच्या बाहीने चष्मा पुसत राहिल्या. चष्मा स्वच्छ होता.

संचालकांनी शेवटी हात टेकले. भट्टी 'उसनी' म्हणून द्यायचं कबूल केलं. पण वर म्हणाले, "एक वर्षाची रजा घ्या. घराची किल्ली ठेवा. पदही तोवर रिकामं ठेवतो. माणसाचं मन बदलतं." मी किल्ली ठेवली. तुला हे कळावं म्हणून लिहितो, ताई, की मी काही एकदम मोठा माणूस झालेलो नाही. किल्ली ठेवली.

आईला संध्याकाळी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि आमटी चाखून म्हणाली, "आज मीठ फार झालंय." ताई, मला इतका आनंद झाला की मी दोनदा वाढून घेतली.

तुझा धाकटा


२९ नोव्हेंबर

ती. ताई आणि भाऊजी,

तळ्याचं वर्णन वाचून आईने तीन शंका काढल्या आहेत. रात्री दार नीट लागतं का, पाण्याला कठडा आहे का, आणि भात आता कोण करतं. तिसरीचं उत्तर भाऊजींनीच द्यावं.

आम्ही इथे आलो ते टेम्पोतून. भट्टी मागे, आई पुढे ड्रायव्हरशेजारी. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती मागे वळून म्हणायची, "बाई गं, लागलं तर नाही ना?" ड्रायव्हरला वाटलं मागे पेशंट आहे. त्याने गाडी इतकी हळू चालवली की पोचायला संध्याकाळ झाली. गल्लीत शिरलो तर सगळे बाहेर. आई उतरली, सरळ आत गेली आणि खिडकी उघडली. निवृत्त पोस्टमन गर्दीत मागे होता. आईने खिडकीतूनच विचारलं, "काही टपाल?" तो म्हणाला, "आज नाही." आणि निघून गेला, अगदी ताठ.

इस्त्रीवाल्याने मास्तरांना नवा सदरा दिला. शिंपिणीने शिवला, आणि कापड नर्सने आणलं. हे कसं झालं ते मी विचारलं नाही. साखर परत आली एवढं दिसतं.

माझं सांगायचं तर, खोली लहान आहे. मोडकी बाकं काढली तरी एक राहिलंच, त्यावर मी बसतो. मुलं चांगली आहेत. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "सर, तुम्ही तिकडून इकडे का आलात?" मी फळ्यावर तेरा ठिपके काढले आणि तासभर बोललो. शेवटी तो म्हणाला, "हे कळलं. पण तुम्ही का आलात?"

मला तिकडची आठवण येते. थंडीवालींच्या पडद्याची फार येते. इथे मी स्फटिक वाढवतो, पण आत काय झालं ते मला दिसत नाही, पत्रानेच कळतं. किल्ली खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवली होती. आईने पहिल्या आठवड्यात विचारलं, "ही कुठली?" मी म्हणालो, "तिकडची."  मग ती रोज केर काढताना त्या खिळ्यावरची धूळ तेवढी पुसायची. किल्लीला हात लावायची नाही.

आज पहिली नळी तयार झाली. पहाटे उठलो, देवापुढे हात जोडले. या खेपेला काही विचारलं नाही. आई खिडकीत येऊन बसली होती, तिने इस्त्रीवाल्याला सांगितलं, "आज चिमटा घेऊन चहाला आला तर हाकलून दे." कॉलेजात गेलो. बादली इथलीच, जरा पोचे पडलेली. चिमट्याने नळी ओढली, लालभडक होती, आणि पाण्यात सोडली. चर्र झालं. नळी फुटली नाही. आतले तुकडे सोनेरी निघाले, तिकडे निघायचे तसेच.

तेवढ्यात कॉलेजच्या पत्त्यावर थंडीवालींचं कार्ड आलं : "विभागप्रमुखाच्या खोलीत तुमच्यासाठी ठेवलेल्या टेबलावर आता सगळे छत्र्या ठेवतात. येणार असाल तर कळवा, नसाल तर टेबल मला हवं आहे."

घरी आलो. आईने माझ्याकडे पाहिलं, मी खिळ्याकडे. किल्ली काढून खिशात घातली तेव्हा ती म्हणाली, "जपून रे, पाकीट जाड घे. टोचून बाहेर येते." तिला कसं कळलं, ते मी विचारलं नाही.

भाऊजींना सांग, मी चांदणीतल्या अणूंपेक्षा जरा जास्तच सरकलो. दीड-दोन बोटांत माझं भागलं नाही. या पत्रात एक तुकडा ठेवला आहे, चिकटपट्टीने त्याचा थर सोडवून बघा.

पोस्टात आज आणखी दोन पाकिटं टाकली. एकात थंडीवालींसाठी पहिले सोनेरी तुकडे. दुसऱ्यात, जाड पाकिटात, तिसऱ्या मजल्याची किल्ली.

तुझा दगड्या